जहाजाचं सूत आणि डोमाभाऊचं पथ्य

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. रेशमाचा कोसा उकळून त्याचं सूत काढताना पायाशी गुंतवळा साचत जातो, तसे ते साचतात. झाडून टाकायला जावं तर हातालाच चिकटतात!

माझ्या पन्नाशीनंतरची ती वर्षं. सावलीला माझ्या अंगणात आम्ही बाया मांडीवर सूत काढत बसायचो. आम्ही ढिवर. आमचे पुरुष तळ्यात मासे मारायचे आणि पावसाळा लागला की जंगलात ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाखरांपासून सांभाळायला जायचे. मी शाळेची पायरी चढले नाही, पुड्यांच्या कागदांवरून वाचायला शिकले. म्हणून पेपर मी वाचायचे आणि शिव्या सगळ्याजणी मिळून द्यायच्या.

* * *

आमचा कोसा आणि सूत घेऊन विणकरांना पुरवणारे शेटजी एक दिवस नवीच लडी घेऊन आले. मैनाबाईपुढे टाकली. मैनाबाईइतकं बारीक सूत आमच्यात कुणाचं निघत नसे. लडी मात्र अशी गुळगुळीत, की गाठ शोधून सापडेना.

"जहाजानं आलं," शेटजी म्हणाले. "तुमच्यापेक्षा सस्तं!"

मैनाबाईनं लडी नाकाला लावली. "याले तर वासच नाई! कोनत्या झाडाचा पाला खाल्ला बा या किड्यानं?"

"मैनाबाई, गिऱ्हाईक नाकानं खरेदी नाई करत."

मयताहून आल्यावर धुवावेत तसे मैनाबाईनं राखेनं हात धुतले.

* * *

मग पेपरात ती बातमी आली. समुद्रापलीकडच्या एका देशाशी आपल्या सरकारचा करार झाला होता. आपला काही माल त्यांच्याकडे बिनाजकातीचा जाणार, त्यांचं सूत आपल्याकडे बिनाजकातीचं येणार.

माझी नणंद तानाबाई. तिची जीभ म्हणजे मासे कापायचा विळा! ती म्हणाली, "आपल्या अंगनातलं काय जाते तिकडे, वहिनी?"

मी पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटून पाहिलं. आपल्या अंगणातलं काहीच जात नव्हतं.

"अन् आठवडी बाजारात माझ्या टोपलीवर जकात घेते तो नाक्यावरचा मुडदा! जहाज एवढं मोठं, ते नाई दिसत त्याले?"

मैनाबाई म्हणाली, "तानाबाई, पुढच्या बाजारी आपन जहाजात बसूनच जाऊ!"

हसलो आम्ही. त्या वर्षी अंगणात एवढंच काय ते हसलो.

* * *

निवडणूक आली तसे एक पुढारीही आले. शाळेपुढे स्टेज बांधलं. शेटजींनी त्यांच्या खांद्यावर कोशाची शाल घातली. मैनाबाई ओवाळायला वर गेली होती, तिनं शालीचा पदर चिमटीत धरला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. जहाजाचं सूत!

पुढारी रंगात आले. "या करारामुळे दोन देश हातात हात घालून पुढं चालणार आहेत!"

तानाबाई खालूनच ओरडली, "चाला ना भाऊ! पन आमच्या मांडीवरून काऊन?"

सगळी सभा हसली, पुढारीही हसले. मतं मात्र त्यांनाच पडली.

* * *

आता डोमाभाऊचं सांगते. कोसा पिकवणाऱ्यांत त्यांच्याइतकं जपणारा माणूस नव्हता. किडे झाडावर असले की आमच्यात कडक पथ्य असतं, ते मोडलं तर कोसा बिघडतो म्हणतात. मासोळी खायची नाही, तेल लावायचं नाही, दाढी करायची नाही, बायकोजवळ जायचं नाही. आमच्या जातीनं मासोळी सोडायची, म्हणजे बघा!

त्या दिवाळीत शेटजींनी साऱ्या गावाचा कोसा परत पाठवला. म्हणे, कोशात दम नाही. करार राहिला बाजूला, जातीचे पंच बसले ते हे शोधायला की पथ्य कुणी मोडलं! झडती घेतली. डोमाभाऊच्या घोंगडीला माशाचा खवला सापडला.

त्यांची बायको भागरता पंचांपुढे उभी राहिली. "ढिवराच्या घोंगडीले खवला नाई चिकटन त मोती चिकटन का?"

ऐकतं कोण! निवाडा झाला: भाव परत येईस्तोवर डोमानं ऐनाला हात लावायचा नाही आणि बियाण्याचा कोसा त्याला कुणी द्यायचा नाही. डोमाभाऊ मान खाली घालून उठले. ज्याची सारी इज्जत त्या झाडांवर, त्याला झाडंच बंद!

* * *

मी गप्प बसणारी नाही. पेपर घेऊन पंचांपुढे गेले आणि करार वाचून दाखवला. जकात उठली, सूत आलं, आपला भाव पडला. खवल्याचा काय संबंध?

थोरला पंच डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "म्हनजे बाई, पथ्य दिल्लीच्या सायबानं मोडलं म्हना."

"तसंच समजा! मग डोमाभाऊले सोडा."

त्यानं बराच विचार केला. "तो सायब आपल्या जातीचा नाई. त्याले दंड कसा करावा? अन् दंड त कोनाले तरी पायजेच. डोमा इथी आहे."

डोमाभाऊ कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते.

* * *

पुढच्या पावसाळ्यात कुणीच झाडांवर किडे चढवले नाहीत. घेणाराच नाही, तर चढवायचे कशाला? मैनाबाई धानाच्या रोवणीला जाऊ लागली. पंचांची बंदी गावही विसरलं आणि पंचही.

एक दिवस भागरता रडत आली. "बाई, तुमी चाला माझ्यासंग. हा मानूस मासोळीले हात नाई लावून राह्यला."

तिनं मासोळीच्या रश्श्याचा गंज, म्हणजे पातेलं, डोक्यावर घेतला. आम्ही जंगलात गेलो. ऐनाखाली डोमाभाऊ बसले होते. दाढी वाढलेली, अंगाला तेल नाही, हातात गुलेल.

"डोमाभाऊ, झाडावर एक किडा नाई."

"दिसते मले, बाई."

"मग पथ्य कोनाचं पाळून राह्यले?"

त्यांनी गुलेलीत खडा बसवला.

"त्या दिल्लीच्या सायबाचं. त्यानं मोडलं ना? त्याच्या बदल्यात मी पुरं करून राह्यलो."

भागरतानं गंज उघडला. रश्श्याचा वास सुटला. डोमाभाऊंनी तोंड फिरवलं आणि रिकाम्या ऐनावर उतरणाऱ्या कावळ्यावर नेम धरला.