बोट नाही, कान घ्या

पारध्यांची भागीरथी उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनच्या बाजारात सुया, मणी, फण्या विकायची. सिंधी दुकानदारांशी ती सिंधीतच हुज्जत घालायची. भीती तिला ठाऊक नव्हती, फक्त पोलिसांची सोडून.

पोलिसांना तर तिची अख्खी वस्ती भ्यायची. अंबरनाथच्या कारखान्यांमागे, ओढ्याकाठी त्यांची पालं होती. बाजारात कुठेही कुलूप फुटलं की खाकी कपडे आधी तिथे पोचायचे. "पारधी ना? चला!" एवढा पुरावा पुरायचा. पुरुषांना नेऊन दहाही बोटांचे ठसे घ्यायचे. १९८७च्या दिवाळीनंतर पंचांनी ठरवून टाकलं, परक्याच्या हातात बोट द्यायचं नाही, मग तो देव का असेना.

पंचाईत अशी, की हिवताप खात्याच्या शंकररावांना नेमकं बोटच हवं असायचं. बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, हे त्यांचं काम. वर सरकारने त्यांनाही शर्ट खाकीच दिलेला! त्यांची सायकल दिसली की वस्ती ओढ्यापलीकडे पसार. शंकरराव रिकाम्या पालांना हाका मारून परत जायचे. डास मात्र बिनबोभाट येत राहिले. मागच्या पावसाळ्यात शेजारची गंगू तापानेच गेली.

यंदा भागीरथीची सून बकुळा दिवसाआड थंडीने कुडकुडू लागली. दवाखान्यात न्यावं म्हटलं, तर मुलगा म्हणाला, "फाटकावर हवालदार बसतो, आये. पारधी म्हटलं की मलाच आत घेईल."

शंकरराव आले तेव्हा सगळे पळाले. बकुळाला पळवेना आणि तिला टाकून भागीरथीचा पाय निघेना.

"बाई, हिचं रक्त तपासू द्या."

"घ्या की. पर बोटाचं न्हाई."

"मग काय नाकाचं घेऊ?"

"कानाचं घ्या. कानाबद्दल पंच काय बोलले न्हाईत."

शंकरराव खो खो हसले. "चालेल की! इतकी वर्षं बोटं धरतोय, कान कुणी पुढे केला नव्हता."

"आन् तो शर्ट काढून येत जा."

"शर्ट काढला तर साहेब नोकरी काढील, बाई."

थेंब काचेवर घेऊन ते म्हणाले, "आज गोळ्या संपल्यात. तपासणी झाली की घेऊन येतो. पण तुम्ही पळालात तर देऊ कुणाला?"

"बसते मी," भागीरथी म्हणाली. म्हणायला काय जातं!

त्याच आठवड्यात बाजारात एक दुकान फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर लांब एक खाकी ठिपका दिसला. भांडी तशीच टाकून वस्ती पळाली.

"आये, ऊठ!" मुलगा ओढ्यातून ओरडला. "पोलीस असला तर?"

"आन् गोळ्या असल्या तर?"

पालाचा बांबू घट्ट धरून ती बसून राहिली. ठिपका मोठा होत गेला, त्याला सायकल फुटली, मग शंकररावांच्या मिशा.

"हिवतापच निघाला," ते म्हणाले. "आता या गोळ्या, माझ्यासमोर."

बकुळाने पहिलीच गोळी तोंडात धरून रडवेलं तोंड केलं. "कडूजहर हाय!"

"गिळ मुकाट्यानं!" भागीरथी खेकसली. सुनेला पाणी द्यायला तिला उठायचं होतं. पण बांबूवरची मूठ काही केल्या सुटेना, तेव्हा मडक्यातलं पाणी शेवटी शंकररावांनीच ओतून दिलं.