सुभेदारांचं गवत

संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला रांग लागते. रांगेत माणूस गप्प बसत नाही, आणि स्वतःबद्दल तर मुळीच बोलत नाही. त्यामुळे शेजाऱ्यांचे किस्से साठत जातात. आमच्या वस्तीवरचे निम्मे किस्से एकट्या सुभेदारांचे.

सुभेदार फौजेतून रिटायर होऊन कवठे महांकाळजवळच्या आमच्या वस्तीवर आले. दावणीला एकच म्हैस. नाव चिमणी, अंगानं रणगाडा! तिच्यासाठी बांधाबांधानं गवत कापून वहिनींचे गुडघे गेले. मिरजेच्या डॉक्टरनं खाली बसायला बंदी केली, तशा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "दिवाळीपातूर हिच्या चाऱ्याची सोय करा. न्हाईतर म्हस माज्या भावाकडं म्हसवडला जाईल."

सुभेदारांचा सगळा जीव चिमणीत. त्यांनी टाचा जुळवल्या आणि कामाला लागले.

*

पहिलं नेपिअर गवत. उसासारख्या कांड्या लावायच्या, कोंब फुटतो तो डोळा वर ठेवून. सुभेदारांनी दोरी धरून अशी रांग लावली की परेडला लाज वाटावी. बरेच दिवस झाले तरी कोंब दिसेना. शेवटी वहिनींनी एक कांडी उपटून बघितली. डोळा खाली, शेंडा मातीत.

"आवं, समदी पलटण डोक्यावर हुबी केलीया तुमी."

सुभेदारांनी पुन्हा दोरी धरली आणि सगळं परत लावलं.

*

तोवर काय, म्हणून मोबाईलवर बघून अझोला. खड्ड्यात प्लॅस्टिकचा कागद, त्यात पाणी, पाण्यावर शेवाळासारखं हिरवं वाढतं. तेच म्हशीला चारायचं, दूध वाढतं म्हणे. खड्डा हिरवागार झाला तशी सुभेदारांनी चिमणीला सोडून दाखवायला आणलं.

आता म्हशीला पाणी दिसल्यावर ती काय करणार? बसली. डोळे मिटून, निवांत. कागद फाटला, पाणी गेलं, तरी उठेना.

मी विचारलं, "सुभेदार, खाल्लं का काय हिनं?"

"बघ की," ते म्हणाले. "लय अंगाला लागलंय."

*

मग मुरघास, म्हणजे मुरवलेला चारा. मक्याच्या ताटांची बारीक कुट्टी पिशवीत दाबून हवाबंद करायची आणि महिनाभर तिकडं फिरकायचंही नाही. पण फौजेत रोज इन्स्पेक्शन असतं. सुभेदार रोज सकाळी पिशवीचं तोंड सोडायचे, वास घ्यायचे, "ओके" म्हणून परत बांधायचे. पुढं पुढं असा वास सुटला की चिमणीनं दावं तोडलं.

वहिनी म्हणाल्या, "टेम्पो कशाला पायजे? ही चालतच जाईल म्हसवडला."

*

दुसऱ्यांदा लावलेलं नेपिअर मात्र झकास आलं. पण सुभेदार कुणाला कापू देईनात. "आजून वाढू द्या." गवत त्यांच्या डोक्यावर गेलं आणि चिमणी कडब्यावरच राहिली.

भाऊबीजेला वहिनींचा भाऊ बाळू टेम्पो घेऊनच आला. ओवाळणं झालं, जेवणं झाली, चिमणीला टेम्पोपाशी आणलं. ती चढेना. ओढली, ढकलली, तशी खाली बसली.

"दाजी, कायतरी हिरवं दावा, चढंल," बाळू म्हणाला.

सुभेदार विळा घेऊन गेले आणि नेपिअरचा पहिला भारा कापून आणला. कुट्टी मशीनमधून काढला, वर मिठाचं पाणी शिंपडलं आणि पाटी टेम्पोत ठेवली. मला तिकडं बघवेना.

चिमणी उठली. मान लांब करून तिनं पाटी खाली ओढली आणि भुईवर सांडलेलं सगळं वेचून खाल्लं. मग सुभेदारांकडं बघून रेकली. त्यांनी कुणी न सांगता दुसरी पाटी भरून आणली. तीही संपली.

वहिनी खुर्चीवर बसून बघत होत्या.

"बाळू," त्या म्हणाल्या, "त्या गवताच्या कांड्या भर टेम्पोत. रानात लाव, तुज्या म्हशीस्नी हुतील."

"आन ही, आक्का?"

"तिला आजून पाणी दावायचं हाय."

बाळूनं कांड्या भरल्या आणि टेम्पो चालू केला. सुभेदार खिडकीपाशी गेले. टाचा जुळवल्या.

"पावणं," ते म्हणाले, "डोळं वर ठिवून लावा."