गिऱ्हाणाचं प्रात्यक्षिक

"म्हणून दाखव बरं एकदा," सर म्हणाले.

अमरावतीच्या एका कॉलेजातली ही फिजिक्सच्या विभागप्रमुखांची खोली. सर खुर्चीत, बाजूला दोन मॅडम, टेबलावर चहा. बाबा आणि मी उभे. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसा असं कोणी म्हटलं नाही, आणि कोणी म्हटल्याशिवाय बसायची बाबांना सवय नाही.

"दे दान, सुटे गिऱ्हाण" ही ग्रहणाच्या वेळची आरोळी मी त्यांना म्हणून दाखवायची होती.

बाबांनी कोपराने ढोसलं. "म्हण ना वं. सर म्हणून राह्यले त म्हण."

मी म्हटलं. फरशीकडे बघत, हळू. मॅडम हसल्या. सर हसले. हात जोडून बाबाही हसले. बाकीच्यांचं हसणं मी विसरेन कदाचित. बाबांचं नाही. मला त्यांची शरम वाटली, आणि आपल्याच बापाची शरम वाटते म्हणून स्वतःचा भयंकर राग आला.

झालं होतं असं. मी फिजिक्सला प्रवेश घ्यायला गेले होते. विषयांचा गट कोणाला कोणता द्यायचा ते सर ठरवणार होते. त्यांनी विचारलं, "पुढे ॲस्ट्रोफिजिक्स करायचं म्हणतेस. का?" मला वाटलं, मनापासून विचारतात. म्हणून मीही मनापासून सांगितलं.

आम्ही मूर्तिजापूरचे. जातीने मातंग. गावाच्या तोंडी आमच्यासाठी दुसरा शब्द आहे, तो तुम्हाला ठाऊक आहे. बाबा बँड पार्टीत ढोल वाजवतात. माय शिंदीच्या पानांचे झाडायचे फडे बांधून विकते. आणि ग्रहण लागलं की टोपली घेऊन दारोदार फिरते. लोक मानतात, राहू सूर्याला गिळतो आणि राहू आमच्या जातीचा. आम्हाला दान दिलं की तो सूर्य सोडतो. म्हणजे अख्ख्या जगाचा सूर्य सोडवायचं काम आमच्याकडे. मोबदला काय, तर फाटकं लुगडं आणि ओंजळभर ज्वारी. तीही वरून टाकायची, टोपलीला हात लागू न देता.

सहावीत होते तेव्हा थंडीतल्या एका सकाळी मी मायसोबत गेले. आळीतली सगळी दारं लावलेली. पाण्यात तुळशीची पानं. पोटुशी बाई कोंडून ठेवलेली. उघड्यावर फक्त आम्ही. एका कडुनिंबाखाली थांबलो, तर खाली उन्हाचे जे कवडसे पडतात ना, एरवी गोल असतात, ते सगळेच्या सगळे चंद्रकोरीसारखे झालेले. मातीवर कोरी. मायच्या पदरावर कोरी. माझ्या तळहातावर कोर.

"माय, हे काय होय?"

"गिऱ्हाण होय. पाहू नको तिकडं. आवाज दे."

मी आवाज दिला आणि पाहतही राहिले. पानांमधल्या बारक्या फटींतून सूर्याचीच चित्रं खाली पडत होती, हे पुढे केव्हातरी मोबाईलवर कळलं. पण त्या सकाळीच माझं ठरलं होतं. मला हेच शिकायचं होतं. दुसरं काही नाही.

हे सगळं मी सरांना सांगितलं. आजवर मैत्रिणींनाही सांगितलं नव्हतं. त्यांनी कडुनिंब ऐकला नाही, कोरी ऐकल्या नाहीत. दान तेवढं ऐकलं.

"वा! म्हणजे खगोलशास्त्र तुमच्याकडे पिढीजातच आहे की!"

आणि मग ते, म्हणून दाखव.

चहा संपल्यावर सरांनी मला समजावलं. मार्क चांगले आहेत. पण हा विषय घरात वातावरण असणाऱ्यांचा. बी.ए. कर. समाजकार्य कर, तुमच्या लोकांना उपयोग होईल. माझ्या डोक्यात सगळा आराखडा पक्का होता. आधी बी.एस्सी., फिजिक्सच्या जोडीला गणित. मग बाहेरची प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी. आणि तिथे ॲस्ट्रोफिजिक्स. घरात कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, म्हणून हे सगळं मी एकटीनेच शोधून काढलेलं. त्यातलं एक वाक्यही मला तिथे बोलता आलं नाही.

निघताना सरांनी बाबांना थांबवलं. कॉलेजात कार्यक्रम होता, ग्रहणाबद्दलचे समज आणि गैरसमज. "तुमच्या मिसेसना टोपली घेऊन पाठवा. मुलांना प्रथा प्रत्यक्ष बघायला मिळेल. प्रात्यक्षिक म्हणा ना. त्यानंतर हिच्या विषयांचं बघून टाकू."

बाबांनी मान डोलावली. परतीच्या एसटीत ते खुशीत होते. माझ्याशी बोलायला गेले, मी खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी मी म्हटलं, माय जाणार नाही.

"काहून नाई?" बाबा भडकले. "एक डाव आवाज द्याचा अन् पोरगी शिकते. आजपावतर ज्वारीसाठी देला, आता शिक्षणासाठी देऊ."

माय फडा बांधत होती. "मले काय," ती म्हणाली, "मी त देतच आली."

मी आणखी भांडू शकले असते. भांडले नाही. मला ती जागा हवी होती, आणि ती अशी मिळते आहे तर मिळू दे, असं मनात होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च भरला. पडद्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी. सर फार छान बोलले, हे कबूल करायला हवं. ग्रहण म्हणजे सावलीचा खेळ. राहू नाही, केतू नाही. पोरं माना डोलवत होती. मग सर म्हणाले, "आणि आता, हे अज्ञान अजूनही कसं जिवंत आहे, ते आपण डोळ्यांनी बघू."

माय स्टेजवर गेली. तिने धुतलेलं लुगडं नेसलं होतं, लग्नाला नेसते ते. हातात टोपली. तिला कोणी माईक दिला नाही, आणि तिला तो लागतही नाही. तिने आवाज दिला. आळीत देते तसाच, पोटातून. "दे दान, सुटे गिऱ्हाण!"

हॉल हसला. कोणी शिट्टी मारली. मोबाईल वर झाले. पुढच्या रांगेतून एकाने बिस्किटाचा पुडा फेकला, तो टोपलीत पडला, त्यावर टाळ्या. माय गोंधळली. तिला वाटलं, खरंच देताहेत. ती वाकून नमस्कार करायला लागली.

तेव्हा मागच्या रांगेतून मी उठले. स्टेजवर कशी चढले आठवत नाही. मायच्या हातातली टोपली घेतली आणि सरांच्या पुढ्यात, त्यांच्या कागदांवर ठेवली. बिस्किटाच्या पुड्यासकट.

"सर, राहू नाई ना?"

"नाही. तेच तर सांगतोय."

"मंग माय इथं कायले उभी हाय?"

"अगं, आपण या प्रथेच्या विरोधातच आहोत."

"विरोधात हाव त मागणारीलेच काहून बलावलं? देणारी बाई बलावा ना. दार लावून बसते ते बलावा. तिले इथं उभी करा अन् विचारा, काहून देतं म्हणा. सूर्य कोणं गिळला म्हणा. तुमच्या घरून कोण देत होतं, सर? त्याइले बलावा."

सरांनी माईकवर हात ठेवला आणि बारीक आवाजात विचारलं, "तुला ॲडमिशन पाहिजे ना?"

"पाह्यजे," मी म्हटलं. "अशी नाई पाह्यजे."

मायचा दंड धरला आणि बाहेर पडले. फाटकाशी आल्यावर माय म्हणाली, "टोपली राह्यली ना वं अंदर." मी म्हटलं, राहू दे. ती थांबून मागे बघत राहिली. तिची ती कमाईची टोपली होती, आणि मी तिला न विचारता देऊन आले होते. मग ती चालायला लागली.

अमरावतीत मला फिजिक्स मिळालं नाही. गट भरला, असं सांगितलं. भरला नव्हता.

मी अकोल्याला प्रवेश घेतला. रोज रेल्वेने जाते. तिथे फिजिक्स कोणालाच नको असतं, म्हणून मला दिलं. वर्ग ओस पडलेला. शिकवणारे सर तासिकेवर आहेत, दिवाळीनंतर येतील की नाही त्यांनाच माहीत नाही. प्रयोगशाळेतल्या एकुलत्या एका दुर्बिणीची भिंगं कोणीतरी काढून नेलेली. पुढच्या वर्षी हा विषयच बंद करतील, असं ऑफिसात उघड बोलतात. कॉम्प्युटर घे, म्हणतात. प्रवेश परीक्षेसाठी जे लागतं त्यातलं निम्मं इथे शिकवतच नाहीत. रात्री आकडेमोड करायला बसले की कळतं, आपण किती मागे आहोत. बाबा माझ्याशी धड बोलत नाहीत. हातात आलेलं घालवलं, एवढंच म्हणतात. मायने नवी टोपली विणली आहे. पुढच्या ग्रहणाला ती निघणार आहे. नको म्हटलं तर म्हणते, "तू शिक. मले नको शिकवू."

मी ॲस्ट्रोफिजिक्सपर्यंत पोहोचेन असं मला वाटत नाही. खोटं कशाला बोलू.

पण विषय मी बदलणार नाही. दुसरा गट घेणार नाही, कोणाच्या खोलीत उभी राहणार नाही, कोणाला काही म्हणून दाखवणार नाही. वर्गात मी एकटी उरले तरी रोज जाऊन पहिल्या बाकावर बसणार. विषय बंद करायचा असेल त्यांना, तर खुशाल करावा. पण तो मी बसलेली असताना, माझ्या तोंडावर बंद करावा लागेल.