पाठमोरा वीर

भोकरदनच्या भिवा सोनाराला उभ्या आयुष्यात एकाच गिऱ्हाइकानं रडकुंडीला आणलं, ते म्हणजे सखूबाई. गोष्ट शहाऐंशी सालापासूनची. सखूबाईचा नवरा सांडू दुसऱ्या महायुद्धात बाँब टाकणाऱ्या विमानावर बंदूकवाला होता. ब्रह्मदेशावर गेलेलं विमान परत आलं नाही आणि सरकारनं ‘बेपत्ता’ एवढंच कळवलं. तेव्हाची कोवळी पोर आता साठीला टेकली, तरी कपाळभर कुंकू लावत होती.

त्यांच्या घराण्यात लढाईत गेलेला माणूस वीर होतो. चांदीच्या पत्र्यावर त्याची बोटभर मूर्ती ठोकायची, म्हणजे टाक. तो देवघरात बसवायचा आणि धुळवडीला वाजतगाजत मारुतीला न्यायचा. धाकटा दीर कारभारी म्हातारा व्हायला लागला, तसा त्याला भावाच्या टाकाचा ध्यास लागला. पण टाक बसला की सांडू गेला हे घरानं कबूल केलं, आणि मग सखूबाईचं कुंकू पुसायचं. हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. बोलत मात्र दोघंही चांदीबद्दलच होती.

पहिला टाक रिवाजाप्रमाणे घोड्यावरचा आला.

“ह्ये कोन?” सखूबाई म्हणाली. “तुमचे भाऊ घोडं दिसलं की झाडावर चढायचे. इमान पायजे.”

भिवानं जन्मात विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यानं केलेल्या विमानाला पंख होते खरे, पण एकंदर ऐवज भरताच्या वांग्यासारखा दिसत होता. शिवाय सांडूचं तोंड पुढं होतं.

“ह्ये उलटे बसायचे.” सखूबाईनं टाक परत केला. सांडू एकदाच रजेवर आला होता, तेव्हा बाजेवर पाठमोरं बसून त्यानं तिला दाखवलं होतं. पुढचं पाहायला चालवणारा असतो, आपण शेपटाकडं तोंड करून मागून येणाऱ्यावर बंदूक धरायची. ती एवढी हसली, की सासूला बाहेरून खाकरावं लागलं.

कारभारी हबकलाच. “वैनी, वीर पाठ दाखवून पळून राह्यला म्हनतील लोकं!”

“मंग मागून येनाऱ्याला गोळी कोन घालीन? तुमी?”

त्यानंतर एकदा मिशा जास्त झाल्या, एकदा बंदूक कुदळीसारखी निघाली. कारभारी डोकं धरून बसायचा आणि सखूबाई आतून खूश असायची. टाक चुकतोय तोवर सांडू जिवंत होता.

शेवटी एका धुळवडीच्या सकाळी भिवा स्वतःच टाक घेऊन सखूबाईच्या गावी आला. सखूबाईनं तो उन्हात धरला. विमान, पाठमोरा माणूस, बंदूक, आणि सांडूचे ते सुपासारखे कान. कान भिवानं कारभारीचे पाहून घडवले होते. तिनं खोड शोधशोध शोधली. सापडेना, तेव्हा तिला भिवाचा असा राग आला, की डोळ्यांतून पाणीच आलं.

“बराबर हाय,” ती म्हणाली.

टाक देवघरात बसला. भावकीतल्या बाया सखूबाईच्या कपाळाकडं बघत होत्या. सखूबाईनं टाकाला हळद लावली, कुंकू लावलं आणि तेच बोट आपल्या कपाळावर टेकवलं.

“वैनी...” कारभारी चाचरला.

“भावजी, इतकी वर्सं ह्ये बाहेर व्हते तवा म्या पुसलं न्हाई. आता घरी आले, तर पुसू व्हय?”

कारभारीनं डोळे पुसले आणि हलगीवाल्याला हाक मारली.