उच्चीचा गुरू

डिंडोलीत यंत्रमागावर, म्हणजे लूमवर, काम करणाऱ्या हिलालआप्पांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. सख्ख्या भावाच्या वरातीतही ते मयतीला आल्यासारखे चालले होते. लेक छायाची दोन स्थळं त्या चेहऱ्यापायीच परत गेली. "मुलीच्या बापाच्या मनात दिसत नाही," असा निरोप आला.

१९९६ साली भेस्तानच्या ललितचं स्थळ आलं आणि छायाला तो मनापासून आवडला. मध्यस्थ लोटूमामांनी विचारलं, "आप्पांबद्दल काय सांगू?" छाया कॉलेजात इंग्रजी शिकत होती. ती म्हणाली, "सांगा, जोव्हिअल आहेत." जोव्हिअल म्हणजे आनंदी, दिलखुलास; चारचौघांत हशा पिकवणाऱ्याला म्हणतात. मूळही तिने सांगून टाकलं. जोव्ह हा रोमन लोकांचा देव, म्हणजे आपला गुरू ग्रह. त्याच्या प्रभावाखाली जन्मलेला माणूस हसतमुख, अशी त्यांची समजूत.

"यासना बी गुरू उच्चीना शे," शोभाबाई भाकरी थापत नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. "कोठे लपी बठना, देव जाने."

आप्पा जेवत होते. मांडीवर त्यांची बोटं वळवळली.

"खाज सुटनी का?" शोभाबाईंनी विचारलं. बोटं थांबली.

पाहुणे आले. लोटूमामांनी शब्द चोख पोचवला होता, त्यामुळे सगळे आप्पांच्या तोंडाकडे आशेने बघत बसले. तोंड भिंतीसारखं. खोलीत आवाज होता तो फक्त लोटूमामांच्या तिसऱ्या बशीतल्या पोह्यांचा. दाराआड छाया रडकुंडीला आली.

इतक्यात लोटूमामांच्या बशीकडे बघत आप्पांनी पोटावरून हात गोल फिरवला, मग मूठ वळून मागेपुढे हलवली. ललितचे वडील सुकलाल यांच्या नाकातून चहा आला. तेही लूमवालेच. मागांच्या खडखडाटात ओरडलेलं ऐकू जात नाही, म्हणून कारागीर हातांनी बोलतात. पोट म्हणजे शेठ, मूठ म्हणजे मशीन. शेठ आला, मशीन थांबवू नका! सुकलालांनी हातांनीच उत्तर दिलं, आप्पांनी ते परतवलं. सुकलालांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. आप्पांचा चेहरा होता तसाच.

"मानूस जोव्हिअल शे!" सुकलाल म्हणाले आणि साखरपुड्याचं बोलून मगच उठले.

संध्याकाळी जेवताना आप्पांची बोटं पुन्हा वळवळली. शोभाबाई खाजेवर येणार, तोच छायाने विचारलं, "आप्पा, याना अर्थ काय?"

"तुनी माय उनी, गप बठा."

आई आली, गप्प बसा! छाया हसत सुटली आणि मधेच थांबली. लहानपणापासून रोज ताटावर ती ही बोटं बघत आली होती. तिला फार वाईट वाटलं.

"आप्पा, सांगं का नही कधी?"

"इचारं कोनी?" आप्पा म्हणाले आणि भाकरी मोडली.