हिरामणच्या जीपचे दहा बोल्ट

फौजेतून सुटल्यावर मी सिल्वासाला आलो. त्याला मी पोस्टिंगच म्हणतो. फरक एवढाच की मूव्हमेंट ऑर्डर नव्हती आणि उतरल्यावर कोणी चहा विचारला नाही. राखोलीला प्लास्टिकच्या कारखान्यात मेंटेनन्सचं काम मिळालं, ते अजून करतो. फौजेत मी व्हेईकल मेकॅनिक होतो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. लोक विचारतात, लढाई कशी असते? मला काय ठाऊक! माझ्या हातात रायफलीपेक्षा पाना जास्त राहिला.

इथे मला आणलं नाईक हिरामणने. आमच्याच युनिटचा ड्रायव्हर, मूळचा साक्री तालुक्यातला. माझ्या आधी निवृत्त होऊन आमलीत एका धाग्याच्या कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर झाला होता. ड्रायव्हर आणि मेकॅनिक यांचं फौजेत विळ्याभोपळ्याचं सख्य असतं. ड्रायव्हर म्हणतो गाडी बिघडली, मेकॅनिक म्हणतो तू बिघडवलीस. आम्ही आयुष्यभर हेच भांडण भांडलो आणि त्यातच आमची दोस्ती झाली.

निवृत्तीनंतर त्याने फौजेच्या लिलावातून एक जुनी पेट्रोल जीप घेतली. आमलीला तो राहायचा त्या चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत ती उभी असायची. दर रविवारी सकाळी तो बूट घालून तिच्याभोवती फिरायचा. पाणी, तेल, टायर, आणि शेवटी पाना घेऊन एकेका बोल्टवर अंगाचा भार. डोंगरातल्या रस्त्यांवर गाडीचा बोल्ट न् बोल्ट ढिला होतो, तिथे ही सवय आम्हीच ड्रायव्हरांना लावली होती. सिल्वासाच्या रस्त्यावर तिची गरज नव्हती. मी म्हणायचो, "अरे, इंजिनाच्या हेडच्या बोल्टांना हात लावू नकोस. ते मापाने आवळलेले असतात." तो त्याच्या गावच्या बोलीत म्हणायचा, "कसेल बरं ऱ्हास." म्हणजे कसलेलं बरं असतं. त्याच्यापुढे बोलून उपयोग नव्हता.

गेल्या हिवाळ्यात जीप खेरडीच्या रस्त्यावर उकळली. ओढून आणली. तेलाची काडी काढून पाहिली तर तेल दुधाच्या चहासारखं झालेलं. हेडखालचं गॅस्केट, म्हणजे पाणी आणि तेल वेगळं ठेवणारी पट्टी, फुटून पाणी तेलात गेलं होतं. त्याच महिन्यात वापीच्या डॉक्टरांनी हिरामणच्या पोटात कॅन्सर सांगितला. फार पसरला होता. ऑपरेशन करण्यात अर्थ नाही, घरी न्या, म्हणाले.

घरी आल्यावर त्याने मला बोलावलं. आजारावर एक शब्द बोलला नाही.

"गाडी कधी देशील?"

"बघतो."

"बघतो नको. राखोलीना पूललगून. एक डाव. मी चालाडसू."

राखोलीच्या पुलापर्यंत, एकदाच, आणि चालवणार तो. एवढंच मागणं होतं. मी हो म्हणालो. मनात म्हटलं, गॅस्केट बदलायचं आहे, दोन सुट्ट्यांचं काम.

हेड म्हणजे इंजिनाचं झाकण, ते उचलायला दहा बोल्ट काढावे लागतात. पहिल्यालाच पाना लावला आणि कळलं की मामला कठीण आहे. बोल्ट हलेना. जाम बोल्टाशी दांडगाई करून चालत नाही. आधी तेल पाजायचं. मग गॅसच्या टॉर्चने तापवायचं, निवू द्यायचं, डोक्यावर हातोडीचे ठोके द्यायचे. सोडवण्याआधी त्याला किंचित घट्ट करायचं, म्हणजे गंजाची पकड मोडते. कान आणि मनगट जागं ठेवायचं. 'कर्र' आवाज आला तर बोल्ट सुटतो आहे. हाताला एकदम मऊ लागला तर तो सुटत नाही, तुटतो आहे.

कारखान्यातून सुटलो की मी आमलीला जायचो. कधी दिवसाला एक बोल्ट निघायचा, कधी एकही नाही. हिरामण पहिल्या दिवशी खुर्चीवर बसून बघत होता. दुसऱ्या दिवशी उठला आणि जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. तिथून उतरायला तयार होईना. दुपारचं ऊन यायचं, तो बसलेला. पोटात कळ आली की स्टिअरिंग घट्ट धरायचा. त्याची बायको, माझ्या वहिनी, ताट घेऊन यायच्या, दोन घास खायचा आणि ताट परत करायचा. अंधार पडला की वहिनी आणि शेजारी त्याला धरून आत न्यायचे, तेव्हासुद्धा कुरकुर. सकाळी पुन्हा सीटवर.

एका संध्याकाळी वहिनींनी मला बाजूला घेतलं.

"भाऊ, खरं सांगा. होईल गाडी?"

"होईल, वहिनी. थोडे बोल्ट राहिलेत."

"नसेल होत तर तसं त्यांना सांगा. तुम्ही सांगितल्याबिगर ते उतरणार नाहीत. बर्फातलं मला माहीत आहे."

बर्फातलं म्हणजे असं. आम्ही पूर्वेकडच्या डोंगरात होतो. खिंडीच्या अलीकडे कॉन्व्हॉयमध्ये हिरामणचा ट्रक बंद पडला. बर्फ सुरू झालं होतं, बाकी गाड्यांना थांबता येत नव्हतं. ऑर्डर आली की ड्रायव्हरने गाडीजवळ थांबावं, रिकव्हरी येईल. त्याच्या को-ड्रायव्हरला ताप होता, त्याला त्याने पुढच्या गाडीत बसवून दिलं. रिकव्हरी म्हणजे मी आणि दोन जवान. वाटेत दरड पडली आणि आम्ही अडकलो. रेडिओवर त्याला विचारलं.

"तुझी स्थिती सांग. ओव्हर."

"गाडी जागेवर. ड्रायव्हर जागेवर. ओव्हर."

खाली सैनिकांची चौकी होती, चालत जाण्याएवढी. तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा केबिनमध्ये ताठ बसलेला, ओठ निळे. मी म्हणालो, उतर. तो म्हणाला, आधी रिपोर्ट. आमच्याकडे रिवाज होता की मेकॅनिक गाडी पाहून तोंडाने 'ऑफ रोड', म्हणजे गाडी चालण्याजोगी नाही, असं म्हणत नाही तोवर ड्रायव्हरने तिचा ताबा सोडायचा नाही. मी बॉनेट उघडून पाहिलं न पाहिलं आणि ओरडलो, "गाडी ऑफ रोड." त्याने किल्ली माझ्या हातात दिली, खाली पाय टेकला आणि कोसळला. डाव्या पायाची दोन बोटं गेली. मी त्याला मूर्ख म्हणालो. आजही म्हणतो. पण असा मूर्ख मला पुन्हा भेटला नाही.

वहिनींना हे सगळं माहीत होतं. मी मात्र ऐकलं नाही. नऊ बोल्ट निघाले होते, एकच राहिला होता. एका बोल्टासाठी हार मानायची?

दहावा बोल्ट रविवारी घेतला. तापवला, तेल पाजलं, ठोकला. पाना लावून भार दिला. बोल्ट फिरला आणि हाताला मऊ लागला. मी लगेच हात सोडला, पण उशीर झाला होता. डोकं हातात आलं, बाकीचा बोल्ट खाली इंजिनाच्या ब्लॉकच्या आत राहिला.

हेड उचलून बाजूला ठेवलं. राहिलेल्या तुकड्याला मधोमध भोक पाडलं आणि त्यात एक्स्ट्रॅक्टर घातला. तो उलट्या आट्यांचा कडक पोलादाचा तुकडा असतो, फिरवत नेला की तुटका बोल्ट धरून बाहेर आणतो. तोही आत तुटला. त्या पोलादावर ड्रिल चालत नाही. कापडाने ब्लॉक पुसला तेव्हा आणखी दिसलं. बोल्टाच्या भोकापासून पाण्याच्या वाटेपर्यंत केसाएवढी चीर गेली होती. बोल्ट निघाला असता तरी ब्लॉक कामातून गेलेला होता. तसा दुसरा मिळणार नव्हता. गॅस्केट शोधताना वापीचं भंगार मी आधीच पालथं घातलं होतं.

हिरामणला बॉनेटच्या आडून काही दिसत नव्हतं. आवाजावरून त्याला कळलं असणार. हातोडी थांबली होती.

"रिपोर्ट," तो म्हणाला.

मी हात पुसत त्याच्या बाजूला गेलो. वहिनी दारात उभ्या होत्या. पलीकडच्या रस्त्यावरून सेकंड शिफ्टची माणसं हिंदी-गुजरातीत बोलत कारखान्याकडे चालली होती. हिरामण सीटवर जमेल तेवढा ताठ झाला.

"नाईक हिरामण," मी म्हणालो, "गाडी ऑफ रोड."

"कारण?"

"गंज."

त्याने हात पुढे केला. मी आधी काढलेला एक बोल्ट त्याला दिला. तो बोल्ट मध्यावर बारीक झाला होता, ताणून ताणून त्याला कंबर आली होती. हिरामणने तो बोटांत फिरवला. ड्रायव्हर असला तरी लोखंड त्याला कळत होतं.

"गंज नही. मना हात शे तो."

म्हणजे तो त्याचाच हात होता. मी बोल्ट परत मागितला, त्याने दिला नाही.

"बरोबर सांग ना. रिपोर्ट खोटा नको."

"ड्रायव्हरने बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले," मी म्हणालो. "ब्लॉक फुटला. दुरुस्ती होणार नाही."

"आते बरोबर."

त्याने किल्ली काढून माझ्या हातात दिली. मग दोन्ही पाय बाहेर घेतले. मी आणि वहिनींनी त्याला उचलून आत नेलं. वजन असं उरलंच नव्हतं. आतल्या खोलीत येताना मला रडू फुटलं, त्याने पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

वहिनींना वाटलं होतं, अंथरुणावर पडला की आराम पडेल, चार घास खाईल. मलाही तसंच वाटलं होतं. त्याने खाणं बंद केलं. पुलाचं नाव पुन्हा काढलं नाही. मी रोज जायचो, भांडण उकरून काढायचो, म्हणायचो की चूक तुझीच होती, बोल काहीतरी. तो मान हलवायचा. त्याच आठवड्यात एका सकाळी मी कारखान्यात असताना वहिनींचा फोन आला. भाड्याच्या ॲम्ब्युलन्सने त्याला गावी नेलं. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. गाडी राखोलीच्या पुलावरून गेली नाही. तो रस्ताच वेगळा.

लढताना पडलेल्यांची नावं दगडावर कोरतात, ते योग्यच आहे. आमलीच्या चाळीत गेलेल्या माणसाचं नाव कोणी कोरणार नाही. म्हणून इथे लिहितो. नाईक हिरामण, ड्रायव्हर. जागा सोडून कधी गेला नाही. हुकूम मिळाल्यावरच उतरला. तो हुकूम मी दिला.