नवरदेवासकट जीपची ट्रायल

भटकंतीला जाताना एसटीच्या शेवटच्या थांब्यावर उतरून तंबू पाठीवर वाहणं आता बस झालं, असं मी दिवाळीनंतर घरात जाहीर केलं. जुनी का होईना, फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घ्यायची! माझा नवरा अविनाश म्हणाला, "घेऊ. पण मले एसी पाहिजे." झालं, यवतमाळ सोडायच्या आधीच भांडण सुरू.

शनिवारी राळेगावला पहिली गाडी पाहायला गेलो. रस्ता बरा, फाट्यावरचे आलुबोंडे झकास. गाडी चकचकीत, एसी गारेगार, अविनाश खूश. मी खाली वाकून पाहिलं तर चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, गंजून भोकं आणि त्यावर ताजा काळा रंग. जुनी गाडी घेणाऱ्यांनो, कपडे मळू द्या, पण गाडीखाली झोपून पाहाच.

रविवारी घाटंजीच्या पुढच्या तांड्यावर पोचलो. तिथल्या उत्तमभाऊंची विकाऊ डिझेल जीप बाभळीखाली उभी होती. छत फाटक्या ताडपत्रीचं, सीटच्या फटीत कापसाचे पुंजके.

"कापूस न्यायले घेतलती," उत्तमभाऊ म्हणाले. "आता त्या भावात डिझेलही निघत नाही. म्हणून बकऱ्या घेतल्या. बाजारात आपल्या पायानं जातात!"

मी खाली झोपले. चासी ठणठणीत! अविनाशचं तोंड मात्र वाकडंच. तरी ट्रायलला निघालो. मी स्टिअरिंगवर, उत्तमभाऊ शेजारी, अविनाश मागे.

पुढच्या नाल्यात एक भाड्याची गाडी मधोमध बंद पडली होती. काठावर पांढऱ्या कपड्यांतला नवरदेव, बूट हातात घेऊन उभा. सोबत त्याची मावशी आणि चार-पाच वऱ्हाडी. लग्न पलीकडच्या गावात.

"ताई, तिकडं चालल्या काय?" मावशीनं विचारलं.

"आम्ही नुसती ट्रायल घेऊन राह्यलो," अविनाश घाईघाईनं म्हणाला.

"मंग आमच्यावरच घ्या ना! आमच्यात मुहूर्ताचं काही नाही जी, पण नवरी सकाळपासून उपाशी हाय."

बोलता बोलता सगळे चढलेसुद्धा. मी आजवर गाडी पाण्यात घातली नव्हती. उत्तमभाऊंनी लो गिअर टाकून दिला, चप्पल काढली आणि बंद गाडीच्या बाजूनं, खोली दाखवत पाण्यातून पुढे चालू लागले. पाणी गुडघाभर.

"क्लचले पाय लावू नका. थांबू नका!"

मधोमध चाकं काळ्या चिखलात घसरली, जीप कलली. "थांब, थांब!" अविनाश ओरडला. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही. इंजिन घुरघुरलं, चाकांनी तळ पकडला आणि धाडकन आम्ही वर! शिट्ट्या, टाळ्या. मी तर वेड्यासारखी हसत सुटले.

मंडपात चाकांनी उडवलेल्या चिखलानं माखलेला नवरदेव पाहून नवरीनं तोंडावर पदर धरला. लग्न लागलं आणि वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी असं भरपेट जेवण झालं. मावशीनं मला दोनदा आग्रहानं वाढलं. बुंदी खाता खाता अविनाश उत्तमभाऊंकडे वळला.

"ताडपत्री नवीन टाकून द्याल काय?"

आठवड्याभरात जीप दारात आली. दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही, खड्ड्यात पाठ शेकते, एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. पण नाला दिसला की आता आनंदाच्या उकळ्या फुटतात.

शेजारच्या काकांनी जीपला चक्कर मारून विचारलं, "काय ॲव्हरेज देते?"

छाती फुगवून उत्तर दिलं ते अविनाशनं: "ते विचारलंच नाही काका. पण अर्धं वऱ्हाड बसते!"